मिंचो दोब्रेवचा उसना चेहरा

२ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी १५०/९०.

डॉक्टरीणबाईंनी ही वही रक्तदाब लिहायला दिली. रोज दोन आकडे, बास. पण सत्तेचाळीस वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेलं छापण्यात गेली, आता कोरं रेघांचं पान समोर आलं की हात थांबत नाही. दोन आकड्यांना एवढं मोठं पान कशाला? उरलेल्या जागेत सुचेल ते लिहीन. बाईंना आकडे तेवढे वाचून दाखवीन.

नगराध्यक्षाची निवडणूक २९ तारखेला. एका यंत्रावर मुम्जिएवसाहेबांची पोस्टरं चालली आहेत: हसरे, चौथ्यांदा उभे. दुसऱ्यावर जनावरांच्या डॉक्टर रादोस्तिना पेलोवांची: न हसणाऱ्या, पहिल्यांदाच उभ्या. मधल्या वेळात शोकपत्रकं. आज तीन निघाली. एक कालच गेलेल्याचं, एक चाळीस दिवसांचं, एक सहाव्या वर्षाचं. बल्गेरियात सरकारं येतील नि जातील, पण गेलेल्या माणसाचा फोटो दारावर, बसथांब्यावर, अक्रोडाच्या बुंध्यावर दर वर्षी चिकटवायला कुणी विसरत नाही. माझं घर त्यावर उभं आहे.

मुम्जिएवांचा प्रचार बघणारा स्तामात पोस्टरं न्यायला आला. म्हणाला, "उस्ताद, तुझी पोरगी त्या गाईवालीच्या मागे फिरते म्हणे?"

"फिरते."

"आणि तू?"

"मी शाई वाळवतो."

हसला. हे उत्तर मी पंधरा वर्षं देतोय, अजून चालतंय.

झोर्नित्सा म्हणजे झोरी, माझी एकुलती एक. तेवीस वर्षांची. जूनमध्ये तर्नोवोहून इतिहासाची पदवी घेऊन घरी आली. पेलोवाबाईंसाठी फोनवर व्हिडिओ बनवते. घरात माझी बायको नेवेना अंगणात मिरच्या भाजते, मी सोलतो, आणि झोरी आमच्यात बसून अंगठ्याने फोन वर ढकलत असते. साल एकाही मिरचीची निघत नाही तिच्या हातून.

४ ऑक्टोबर, बुधवार

१४५/९०. चांगला दिवस.

झोरीचा व्हिडिओ गाजला. आमचं प्रसूतिगृह बंद होऊन नऊ वर्षं झाली. त्याच्या कुलूपबंद दारापुढे उभं राहून तिने आपल्या शाळेच्या वर्गाची हजेरी घेतली. "बिलियाना. जन्म इथे, सध्या व्हॅलेन्सिया. आस्पारुह. जन्म इथे, सध्या हॅनोव्हर." अशी सव्वीस नावं. शेवटी, "झोर्नित्सा. जन्म इथे, सध्या इथेच." आणि कुलूप दाखवून संपवलं. भाषण नाही, शिवी नाही. चाळीस हजार लोकांनी पाहिला. आमच्या गावात माणसंच बावीस हजार.

नेवेना पदर नसतानाही डोळे पुसायला काहीतरी शोधत होती. शेवटी हातपुसणं सापडलं.

मी म्हटलं, "आवाज छान लागलाय."

"आवाज?" झोरी म्हणाली. "बाबा, मुद्दा कसा वाटला ते सांग."

"मुद्दा बरोबर असेल."

"असेल म्हणजे?"

"झोरे, माझ्याकडे दोघांचीही पोस्टरं आहेत."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग फोनकडे. फोनकडे जास्त वेळ.

६ ऑक्टोबर, शुक्रवार

१६५/१००. यंत्र बिघडलं असेल म्हणून दोनदा बघितला. बिघडलेलं नाही.

माझे कान तिखट आहेत असं सगळे म्हणतात. शेजारच्या खोलीतून मला कळतं की कुठलं चाक कोरडं पडलंय. गिऱ्हाईक पायरी चढतं त्यावरून सांगतो की लग्नाची पत्रिका आहे की शोकपत्रक. पण माझ्या मुलीला गाव काय बोलतंय ते मला दोन दिवस ऐकू आलं नाही, कारण त्याला आवाजच नाही. आज दुकानात बसून तिच्या व्हिडिओखालचं सगळं वाचलं. तीनशेच्या वर. "मग तूही जा हॅनोव्हरला, भांडी घासायला." "दात बघा हिचे, जनावरांच्या डॉक्टरकडेच जाणार ना." "छापखानेवाल्याने पोरगी भाड्याने दिली काय?" पुढची लिहिण्यासारखी नाहीत. काही नावं ओळखीची. एकाच्या बापाचं पत्रक मी ऑगस्टमध्ये छापलंय, फुकट.

दुपारी तिला म्हटलं, "वाचू नकोस ते."

"न वाचता कसं कळणार कोण काय म्हणतंय?"

"न कळून काय बिघडेल?"

"बाबा, तू तरी काही म्हणतोस का? म्हणजे मग मी दुसऱ्यांचं वाचायचं सोडेन."

स्वतःच्या नावाने मी लिहिलं तर उद्या नगरपालिकेच्या पावतीपुस्तकांचं काम गेलं, आणि चार घरं त्या कामावर आहेत. म्हणून नवं नाव घेतलं: मिलेन दुनावस्की. डॅन्यूबकाठचं गाव, डॅन्यूबवरून नाव. खात्याला फोटोही लागतो. संगणकात वीस वर्षांच्या शोकपत्रकांचे फोटो पडले आहेत. चाळून एक भला चेहरा काढला. जाड मिशी, कान जरा बाहेर, डोळ्यांत कुणाचं वाईट नाही. स्लीवोवो गावचा मिंचो दोब्रेव, चार वर्षांपूर्वी वारला. स्लीवोवो तीस किलोमीटरवर. इथे कोण ओळखतोय.

लिहिलं: "शाब्बास, मुली. माझी दोन्ही मुलं त्याच दारातून बाहेर आली." दोन नाहीत, एकच. पण तेवढं चालतं. संध्याकाळपर्यंत एकोणीस लाल बदाम आले. या वयात इतका आनंद व्हायचं खरं तर कारण नाही.

९ ऑक्टोबर, सोमवार

जेवताना झोरी आपणहून बोलली. चार दिवसांत पहिल्यांदा.

"आई, मिलेन म्हणून एक म्हातारा आहे. रोज माझ्या बाजूने लिहितो. ओळख ना पाळख."

"आहेत बाई चांगली माणसं," नेवेना म्हणाली.

"त्या सगळ्या घाणीत त्याचं एक वाक्य दिसलं की मी श्वास घेते."

मी ताटात बघत राहिलो. कान लाल झाले असतील, पण मिरच्यांच्या धगीने असेही लालच असतात. तिने आज दह्यासकट पूर्ण वाटी खाल्ली. १४०/८५. औषधापेक्षा बरं आहे हे.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

लोक किती वेळ रिकामे असतात! मी एकाला उत्तर दिलं तर त्याचे तीन भाऊ येतात. आज सकाळपासून सत्तर उत्तरं लिहिली. मिलेन दुनावस्की चांगला बोलतो. तडफदार आहे. मुम्जिएवांना त्याने असं सुनावलं की मीच दोनदा वाचलं. प्रसूतिगृह, फेरीबोटीचा धक्का, शाळेचं गळकं छप्पर, सगळं मुद्देसूद. हे सगळं मला माहीत होतं हेच मला माहीत नव्हतं.

दुपारी स्तामात पोस्टरं घेऊन परत आला. एक टेबलावर पसरलं.

"उस्ताद, हे काय?"

साहेबांचा चेहरा हिरवा निघाला होता. किरमिजी शाई कधीतरी संपली होती आणि मी यंत्राजवळ बसून फोनमध्ये होतो.

"जरा आजारी दिसतायत," मी म्हटलं.

"जरा? वास येईल असे दिसतायत. दोनशे लागलीसुद्धा चौकात."

सत्तेचाळीस वर्षांत अशी चूक केली नव्हती. १६०/९५.

१४ ऑक्टोबर, शनिवार

झोरी काल जेवली नाही, आजही नाही. आई म्हणाली जेव, तर "नंतर". मी म्हटलं जेव, तर "बाबा, प्लीज". मग मी दुकानात गेलो आणि मिलेनकडून लिहवून घेतलं: "मुली, दोन दिवस तुझ्या पोटात काही नाही. असं करू नये. जेवून घे."

दुपारी घरी आलो तर ती फोन हातात घेऊन स्वयंपाकघराच्या मध्यभागी उभी. चेहरा पांढराफटक. परक्या माणसाला एवढी काळजी, हे बघून भरून आलं असेल. ताबडतोब बसली आणि पावाचा तुकडा तोंडात घातला. चावत मात्र बराच वेळ होती.

लागू पडलं.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

१६५/१००. थंडी पडली. नदीवरून वारा येतोय. झोरी पत्रकं वाटायला निघाली ती पातळ जाकिटात. मी काही बोललो तर ऐकत नाही. मिलेनने सुचवलं, "तो निळा स्वेटर घाल, खिडकीशी खुर्चीवर पडलाय तो." परत आली, स्वेटर घेतला. पण घातला नाही. घडी करून कपाटाच्या तळाशी ठेवला आणि खिडकीचे पडदे ओढले. दिवसाढवळ्या.

आजकालच्या मुलांचं काही कळत नाही. नेवेना म्हणते, तिला एकटी सोडू नकोस. मी कुठे सोडतोय?

१९ ऑक्टोबर, गुरुवार

झोरी दुकानात आली. ती सहसा येत नाही. शाईच्या वासाने डोकं दुखतं म्हणते. दाराकडे तोंड करून बसली.

"बाबा, तू घरी येतोस तेव्हा समोर कुणी उभं असतं का? आपल्या खिडकीकडे बघत?"

"कोण असणार?"

"माहीत नाही. कुणीही."

ही मुम्जिएवांची माणसं. घरापर्यंत आली! माझं डोकं तापलं. स्तामातला फोन लावला, तो शपथेवर म्हणाला, "उस्ताद, आम्ही खोटं बोलतो, पण पोरीबाळींच्या खिडक्यांखाली उभे राहत नाही." विश्वास ठेवला नाही. झोरी गेल्यावर मिलेनच्या नावाने लिहिलं, म्हणजे तिला धीर येईल आणि त्या लोकांना जरब बसेल: "घाबरू नकोस. मी जवळच असतो. तुझ्या घरी कोण येतं, कोण जातं, सगळं मला दिसतं."

१७५/१०५. डॉक्टरीणबाईंना हा आकडा सांगणार नाही.

२१ ऑक्टोबर, शनिवार

लिहायला सुरुवात तीनदा केली.

सकाळी झोरीने माझ्यासमोर फोन धरला. मी वाचलं. स्लीवोवोच्या कुणा बाईने मिलेनच्या फोटोखाली लिहिलं होतं: "अगं बाई, हा तर आमचा मिंचो! चार वर्षं झाली त्याला जाऊन. माझ्या फाटकावर अजून त्याचा कागद आहे." खाली त्या कागदाचा फोटो. तोच चेहरा, वर काळा क्रूस. खाली बारीक अक्षरात माझ्या छापखान्याचं नावही आलं असतं, पण बाईंचा अंगठा मध्ये आला होता.

"बाबा," झोरी म्हणाली, "मेलेला माणूस. त्याला माहीत आहे मी कधी जेवते. माझा स्वेटर कुठे असतो ते माहीत आहे. शोकपत्रकावरचं तोंड लावून लिहितो, मी जवळच आहे. कळतंय ना तुला, ते मला काय सांगतायत?"

मला कळलं. सगळं एकदम कळलं. पाव, पडदे, खिडकीखालचा माणूस. दर वर्षी तेच तोंड मीच छापतो, मीच गठ्ठा बांधून देतो, आणि मला वाटलं कोण ओळखतोय!

तोंड उघडलं, आणि म्हटलं, "बसून घे, पाणी आणतो."

पाणी आणायला गेलो तो दुकानातच गेलो. मिलेन दुनावस्कीला पुसून टाकलं. सगळं लिहिलेलं, सगळं. मला वाटलं, तो नाहीसा झाला की भीतीही जाईल.

२३ ऑक्टोबर, सोमवार

नाही गेली. उलट. "पुसून टाकलं म्हणजे पुरावे लपवतायत," ती नेवेनाला म्हणाली. "म्हणजे आता काहीतरी करणार." पण तिने आधीच सगळ्याचे फोटो काढून ठेवलेत.

आज औषधांच्या दुकानात रांगेत कोसळली. इस्पितळात सलाईन लावलं. तरुण डॉक्टरने विचारलं, शेवटची नीट झोप कधी लागली होती, तर तिला तारीख आठवेना. वजन सहा किलोने उतरलंय. तो म्हणाला, निवडणूक संपेपर्यंत फोन बंद. ती म्हणाली, "बंद केला तर कळणार कसं ते कुठे आहेत?"

मी कॉटच्या पायाशी उभा होतो. सांगायचं होतं. नर्स आली. मग नेवेना आली. मग सांगायचं राहिलं. असं लिहिलं की वाटतं, नर्सचाच दोष.

२६ ऑक्टोबर, गुरुवार

दुकानात पेलोवाबाई आल्या. रबरी बूट, कुठल्यातरी गोठ्यातून थेट. हातात त्या पत्रकाचा छापून घेतलेला फोटो.

"रुसी," त्या मला म्हणाल्या, "या पट्ट्यातली सगळी शोकपत्रकं तू छापतोस. हा फोटो कुणाकडे असेल? मी आज पोलिसांत जातेय. पोरीचं बरंवाईट झालं तर मी निवडून येऊन काय पेढे वाटू?"

मी यंत्र बंद केलं. इतकं शांत झालं की त्यांच्या बुटावरून पडणारी माती ऐकू आली.

"माझ्याकडे," मी म्हटलं.

"तुझ्याकडे असेलच रे. तुझ्याकडून कुणाकडे गेला?"

"कुणाकडेच नाही."

त्या खुर्ची ओढून बसल्या. सगळं सांगितलं तेव्हा म्हणाल्या, "मूर्ख माणसा."

"हो."

"मला वाटलं होतं, तू मुम्जिएवांचा."

"मी कुणाचाच नव्हतो."

"ते तर त्याहून वाईट." उठल्या. "तिला परवा घरी सोडतायत. परवा दुपारपर्यंत तू सांग. नाहीतर मी सांगेन, आणि मला गोड बोलता येत नाही, माझी गिऱ्हाइकं चार पायांची असतात."

१८०/११०. खरा आकडा लिहिला.

२८ ऑक्टोबर, शनिवार

मतदानाच्या आदल्या दिवशी आमच्याकडे प्रचार बंद. पोस्टर नाही, सभा नाही, माणसाने एक दिवस गप्प बसून विचार करावा असा कायदाच आहे. झोरी अकराला घरी आली. स्वयंपाकघरात ती, नेवेना आणि मी. मी उभ्यानेच सांगितलं, बसलो असतो तर पुन्हा पाणी आणायला गेलो असतो.

"मिलेन मी होतो."

नेवेनाच्या हातातली लुतेनित्साची, भाजल्या मिरच्यांच्या चटणीची, बरणी टेबलावर जोरात टेकली. झोरीला पहिल्यांदा ऐकूच आलं नाही. मग म्हणाली, "कुठला मिलेन?"

"तोच. जेवून घे, स्वेटर घाल. मी दुकानात बसून लिहायचो."

मला वाटलं होतं, ती ओरडेल. किंवा हसेल, मनातल्या मनात मी तेवढीही आशा केली होती, की म्हणेल, म्हणजे धोका काही नव्हता तर. ती खुर्चीवर बसली आणि बोटाने टेबलावरच्या मेणकापडाचं फूल गिरवत राहिली.

"म्हणजे पहिल्यापासून? शाब्बास मुली, तेसुद्धा?"

"तेसुद्धा."

"म्हणजे बाहेर माझ्या बाजूने कुणीच नव्हतं." अगदी हळू म्हणाली. "सहाशे माणसं मला शिव्या देत होती आणि एक माझा होता. तो माझा बाप निघाला."

"झोरे, बाप म्हणजे कुणीच नाही का?" नेवेना म्हणाली.

"बाप असता तर चाललं असतं, आई. बाप समोर बसून मिरच्या सोलत होता. मी विचारलं, मुद्दा कसा वाटला. म्हणाला, बरोबर असेल." मग माझ्याकडे वळली. "तुला मुम्जिएवबद्दल इतकं सगळं वाटत होतं? ते धक्क्याचं, छपराचं?"

"हो."

"आणि ते बोलायला तुला मेलेल्या माणसाचं तोंड लागलं."

मी म्हटलं, "आता माझ्या नावाने लिहितो. आत्ता लिहितो."

"आज प्रचार बंद आहे, बाबा." आणि खरंच हसली, पण ते हसू मला नको होतं. "तुला नेहमी बरोबर दिवस सापडतो."

खोलीत जाऊन दार आतून लावून घेतलं. तासाभराने बाहेर आली. डोळे सुजलेले. दोन गोष्टी म्हणाली. पहिली: यापुढे माझ्यासाठी काहीही करायचं असेल तर आधी मला विचारायचं, पाण्याचा पेलासुद्धा. दुसरी: त्या फोटोतल्या माणसाची बायको असेल ना कुणी? तिच्याकडे उद्या जायचं. दोघांनी.

मी विचारलं, "गाडी मी चालवू?"

"चालव."

२९ ऑक्टोबर, रविवार

सकाळी नेवेनाने मतदान केलं. झोरी म्हणाली, आपण येताना करू. स्लीवोवोला तीनला पोचलो. मिंचो दोब्रेवची बायको त्रेंदाफिलामावशी, ऐंशीच्या आसपास, डोक्याला काळा रुमाल. फाटकावर तो कागद. आम्ही कोण ते मी सांगितलं. काय केलं तेही, तिथेच फाटकात उभं राहून.

"दर वर्षी हा फोटो छापायला मी तुझ्याच दुकानात येते," मावशी म्हणाली. "तोंड ओळखीचं नव्हतं तुला?"

"तोंड होतं, मावशी. माणूस नव्हता."

"तोंड आणायला माणूस लागतो रे." आत घेतलं मात्र. कॉफी ठेवली. मग झोरीला म्हणाली, "शेजारणीने सांगितलं, माझा मिंचो कुठेतरी बोलतोय म्हणून. मला ते फोनचं कळत नाही. काय काय बोलला, वाच बघू."

झोरीने माझ्याकडे पाहिलं. पोलिसांसाठी जपून ठेवलेलं सगळं तिच्याजवळ होतं. वाचायला लागली. शाब्बास मुली. धक्का. छप्पर. "बोलू दे कुत्र्यांना, तू खरं बोललीस." मावशी मान तिरकी करून ऐकत होती.

"हे माझ्या मिंचोचं नाही," मध्येच म्हणाली. "तो इतकं बोलला नसता. जाऊन एकाचं नाक फोडून आला असता."

झोरी पुढे वाचत गेली. जेवून घे.

"चाळीस वर्षांत मला विचारलं नाही कधी, जेवलीस का म्हणून!"

स्वेटर. मी जवळच असतो. सगळं मला दिसतं. इथे झोरी थांबली. मावशीने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"हे वाचून मीसुद्धा दाराला कडी घातली असती," ती म्हणाली. "माझा नवरा असूनही घातली असती."

तेव्हा झोरी रडली. दोन आठवड्यांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं, घाबरतानाच पाहिलं होतं. जवळ जावं का ते विचारायचं होतं, पण असं विचारतात तरी कसं? जागेवरच बसलो. मावशी तिच्याशी गावातल्या बकऱ्यांबद्दल, पायांबद्दल, सोफियाला गेलेल्या मुलाबद्दल बोलत राहिली, पावणेसातपर्यंत. झोरीने खाल्लं काहीच नाही, पण फोन उलटा पडून होता आणि तिने तो सरळ केला नाही.

निघताना मावशी मला म्हणाली, "उद्या एक कागद छाप. तुझा फोटो, तुझं नाव. लिही, या माणसाचं तोंड मी न विचारता घेतलं. आणि तुझ्या दुकानाच्या दारावर लाव. चाळीस दिवस."

"मुम्जिएवांची माणसं हसतील," माझ्या तोंडून गेलं.

"मग हसू देत. माझ्या मिंचोला चार वर्षं पाऊस लागतोय, तो काही म्हणतो का?"

परत येताना झोरी गाडीत झोपली. एकदम, लहान मूल पेंगतं तशी. तोंड उघडं, गाल काचेला. दोन आठवड्यांत पहिली शांत झोप. सव्वासातला गावाची पाटी आली. मतदान आठला बंद. मी वेग कमी केला. डोक्यात आलं, वळसा घालून नदीच्या रस्त्याने जावं, झोपू द्यावं तिला, एका मताने काय होतंय? तिच्या भल्याचंच आहे. हात तसा वळलाही होता. मग गाडी मक्याच्या शेताशेजारी थांबवली.

"झोरे. सव्वासात. घरी, की मतदानाला, की झोपू देऊ?"

डोळे न उघडता म्हणाली, "दहा मिनिटं."

दहा मिनिटं मी काहीही केलं नाही. हे लिहायला सोपं आहे. सात सव्वीसला घड्याळ बघितलं. अठ्ठाविसला हात तिच्या खांद्यापर्यंत नेला आणि परत आणला. दहा तिने सांगितली होती, उठव असं नव्हतं सांगितलं. शेजारून एक ट्रक गेला, ती हलली, पुन्हा झोपली. सात चौतीस. सात अडतीस. एकेचाळीसला तिने आपणहून डोळे चोळले, बाहेर बघितलं आणि म्हणाली, "अजून इथेच? चल ना, बाबा!"

शाळेत आम्ही आठला आठ कमी असताना पोचलो. मी आधी मत टाकून आलो. ती पडद्याआड गेली, बराच वेळ लागला तिला, कागद पेटीत टाकला. कुणाला दिलं, मी विचारलं नाही. तिनेही माझं विचारलं नाही. मी आपणहून सांगितलं, पायरीवर, मोठ्याने, समोर स्तामात सिगारेट ओढत उभा असताना. तो म्हणाला, "उस्ताद, इथे असलं बोलायला बंदी आहे." मी म्हटलं, "तक्रार कर. नाव तुला ठाऊक आहे."

पण हे नंतरचं. त्याआधी, आत, यादीवर सही घेणाऱ्या कमिशनच्या बाईंनी झोरीकडे वर बघितलं. तिच्या प्राथमिक शाळेच्या बाई आहेत त्या. सगळं गाव सगळं ऐकून होतं.

"बरी आहेस ना गं?"

"नाही," झोरी म्हणाली. "पण भूक लागलीय."

बाईंनी टेबलाखालच्या पिशवीतून कागदात बांधलेली बानित्सा काढली, चीज भरलेली पापुद्र्यांची, सकाळची, गार, चीज कडेने सुटलेलं. मी तिच्यासाठी घ्यायला हात पुढे केला, आणि मागे घेतला. झोरीने ती घेतली आणि तिथेच मतपेटीशेजारी उभ्याउभ्या खाल्ली, चुरा स्वेटरवर सांडत, दोन्ही हातांनी धरून.